मर्जीची शेवटची तारीख

गुरुवारी दुपारी चहाच्या सुट्टीत पर्सोनेल खात्याचा शिपाई स्क्रेपिंग विभागात आला आणि सात जणांच्या हातात सात कागद देऊन गेला. कागदावर नाव, तिकीट नंबर, नोकरीची वर्षं असं सगळं आधीच टाइप केलेलं होतं. मोकळी होती ती फक्त सहीची जागा.

श्यामकांत दरेकरांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला. कंपनी माणसं कमी करणार होती. सातांपैकी पाच जणांनी स्वेच्छेने नोकरी सोडावी अशी अपेक्षा होती. सोडणाऱ्याला ठरलेली रक्कम मिळणार होती. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

मान वर केली तर सहाही जण त्यांच्याकडे बघत होते. रामफलने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "उस्ताद, दस्तखत करने हैं के?"

"पहले चाय पी," दरेकर म्हणाले आणि कागद घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला.

सगळे त्यांच्याकडे का बघत होते, ते कळायला या विभागाची रीत माहीत हवी. फरिदाबादच्या या कारखान्यात लेथ, म्हणजे धातूचे भाग कातायची यंत्रं, बनत. लेथचा बेड म्हणजे सहा फुटी ओतीव लोखंडाचा पाया. तो सपाट नसेल तर त्या लेथवर पुढे वीस वर्षं जे जे बनेल ते वाकडं बनेल. मशीनवर तासून आलेला बेड डोळ्यांना आरशासारखा दिसतो, पण सपाट नसतो. म्हणून एका अचूक लोखंडी पट्टीला निळा रंग लावायचा, दोघांनी ती उचलून बेडवर टेकवायची आणि हलकेच सरकवायची. बेडवर जिथे निळा ठिपका उठला तिथे उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके, पुन्हा खरवडणं. इंचभर चौकोनात वीस ठिपके मोजून मिळेपर्यंत हेच. दोन माणसांचे नऊ दिवस जात. बघणाऱ्याला वाटतं हे काम हाताचं आहे. ते कमरेचं आहे. स्क्रेपरची मूठ कमरेच्या हाडावर टेकवून सगळं अंग पुढे लोटावं लागतं, तेव्हा कुठे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढं लोखंड निघतं. दरेकरांच्या उजव्या कमरेवर रुपयाएवढा काळा घट्टा होता.

बेड तयार झाला की विभागातला सर्वांत जुना माणूस सकाळी येऊन शेवटचे ठिपके वाचायचा. मग तळहात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा आणि म्हणायचा, "उठाओ." तोपर्यंत क्रेनचा साखळदंड बेडला लागत नसे. मॅनेजर येऊन उभा राहिला तरी नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. दरेकर आले तेव्हा 'उठाओ' म्हणणारा दुसरा होता, त्याच्याआधी तिसरा. गेली अकरा वर्षं ते काम दरेकरांचं होतं. तेव्हा कागदावर सही करायची तरी पहिला हात उस्तादाचा, हे सहाही जणांनी न बोलता गृहीत धरलं होतं.

ते वर्ष दोन हजार एक. दरेकर त्रेपन्न वर्षांचे. मूळचे मिरजेचे. सांगलीच्या आयटीआयमधून फिटर होऊन चौऱ्याहत्तर साली दिल्लीला आले, कारण लग्न ठरलेल्या मुलीला, हेमलताला, केंद्र सरकारच्या खात्यात नोकरी होती आणि ती म्हणाली, मी नोकरी सोडणार नाही. मग दरेकरांनी गाव सोडलं. फरिदाबादला लागल्यावर तेव्हाच्या उस्तादाने त्यांना हातभर लांबीची एक लोखंडी पाटी दिली आणि सपाट करायला सांगितलं. तीन महिने ते ती एकच पाटी खरवडत होते. झाली असं वाटून नेऊन दाखवली की उस्ताद त्यावर निळा फासून परत द्यायचा, बोलायचा नाही. एक्क्याण्णवाव्या दिवशी म्हणाला, "ठीक है." त्यानंतर कुणी शाबासकी दिली नाही म्हणून दरेकरांचं कधी काही अडलं नाही.

राहायला दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात हेमलताच्या नावावरचं सरकारी क्वार्टर. आजूबाजूला सगळे ऑफिसातले. महाराष्ट्र मंडळात नवीन माणूस भेटला की विचारायचा, "आपण कुठे?" दरेकर सांगायचे, "फरिदाबादला, मशीन टूल्समध्ये." "इंजिनियर?" "नाही, फिटर." मग समोरचा हमखास "अच्छा, अच्छा" असं दोनदा म्हणायचा. गणपतीत मंडळाचं स्टेज मात्र दरेकरच उभारत, आणि त्यावर पाणसळ ठेवून बघत. एकदा कुणी तरी म्हणालं होतं, "अहो, यावर नाटक करायचंय, लेथ नाही बसवायचा." दरेकर म्हणाले होते, "मग नट घसरला तर मला सांगू नका."

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. मुलगी वृंदा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने तो आधी उचलला.

"बाबा, हे वॉलंटरी आहे. म्हणजे अपनी मर्जी से. नको असेल तर नका करू. इसमें सोचना क्या है?"

"मर्जी माझी आहे ना?"

"हो."

"मग मर्जीला शेवटची तारीख कशी काय असते?"

वृंदा हसली. हेमलता हसली नाही. तिने कागद वाचला, चष्म्याच्या वरून नवऱ्याकडे बघितलं. "तुमच्या मनात काय आहे?"

दरेकरांच्या मनात सही करायचं होतं, पण ते सांगायला जड जात होतं. वर्षभर उजवं मनगट सकाळी उघडत नव्हतं. सफदरजंग हॉस्पिटलच्या डॉक्टरने सांगितलं होतं, हे काम थांबवा. मयूर विहारच्या सोसायटीतला फ्लॅट सात वर्षं रखडला होता. ही रक्कम हातात आली तर तो सुटत होता. आणि विभागासमोरच्या शेडमध्ये फेब्रुवारीत परदेशातून आणलेलं मोठं ग्राइंडिंग मशीन बसलं होतं. ते नऊ दिवसांचं काम चार तासांत करणार, असं सगळे म्हणत होते.

"थकलोय," ते शेवटी म्हणाले.

"थकला असाल तर करा सही. मी अडवणार नाही," हेमलता म्हणाली. "पण एक ऐका. क्वार्टर माझ्या नावावर आहे, माझी अजून दहा वर्षं आहेत. डोक्यावरचं छप्पर कुठे जात नाही. तेव्हा घाबरून सही करू नका, आणि घाबरून थांबूही नका."

शुक्रवारी संध्याकाळी भालचंद्र पेठे घरी आले. हे कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर, पुण्याचे, चार वर्षांपूर्वी दिल्लीला आलेले. मंडळात ओळख होती. कारखान्यात ते दरेकरांशी हिंदीत बोलत, मंडळात मराठीत. आज खास मराठी घेऊन आले होते. हेमलताने पोहे केले. पेठ्यांनी पोह्यांची तारीफ केली, पडद्यांची केली, दिल्लीच्या उन्हाळ्याला नावं ठेवली.

"पेठेसाहेब," दरेकर म्हणाले, "ताकाला आलाय तर भांडं बाहेर काढा."

पेठे हसले. बशी खाली ठेवली. "दरेकर, तुम्ही आपले. म्हणून घरी आलो. उद्या सकाळी पहिली सही तुम्ही करा."

"पहिलीच का?"

"तुम्ही केलीत की बाकीचे करतील. रामफल काय, ते बाकीचे काय, सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. पाचाचा आकडा गाठायचाय मला. आणि तुमचं नुकसान नाही. जुलैपासून तुम्हाला कॉन्ट्रॅक्टवर परत घेतो. अंगमेहनत नाही. नुसतं बघायचं, सल्ला द्यायचा. रक्कमही मिळाली, काम पण राहिलं."

"हे जुलैचं कागदावर आहे?" हेमलताने विचारलं.

"वहिनी, अशा गोष्टी कागदावर नसतात."

"आमच्या खात्यात तर पंखा बदलायचा तरी कागदावर असतं."

पेठे पुन्हा हसले, पण आधीपेक्षा कमी. "बाकीच्यांना सांगायचं नाही एवढंच. बघा दरेकर, काम तसंही संपलंय. तुम्ही नऊ दिवस कंबर मोडता ते मशीन चार तासांत करतं. काल बेड काढला, जागेवर मोजला, एकदम सपाट. इंजिनियर नाचायला लागला."

"कधी मोजला?"

"म्हणजे?"

"किती वाजता?"

"मशीनवरून निघाल्या निघाल्या. तीन-साडेतीन असतील. का?"

"काही नाही," दरेकर म्हणाले. "पोहे घ्या अजून."

पेठे गेल्यावर ते बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. हेमलता भांडी आवरून आली.

"काय ठरलं?"

"दुपारी सही करायच्या बेतात होतो," ते म्हणाले. "सहा मेंढरं आत घालायला पुढे एक सोडतात ना, गळ्यात घंटा बांधून. ती घंटा घेऊन आला होता तो. आपल्या घरात बसून, आपले पोहे खाऊन."

"मग नाही करणार?"

"आधी तो बेड बघतो."

"बेडचा काय संबंध?"

"मशीन खरंच माझ्याहून चांगलं करत असेल तर मी तिथे अडून बसणं खोटं आहे. मग पेठ्याचा राग वेगळा आणि सही वेगळी."

शनिवारी कंपनीची बस नेहमीप्रमाणे सहा दहाला साउथ एक्सटेन्शनच्या थांब्यावरून निघाली आणि सातला फाटकात शिरली. पाळी साडेसातची. दरेकरांनी रामफलला बरोबर घेतलं. दोघांनी सहा फुटी पट्टी उचलली आणि समोरच्या शेडमध्ये नेली. शटर अजून बंद होतं, बाजूच्या दारातून आत गेले. गुरुवारी घासलेला बेड ठोकळ्यांवर ठेवलेला होता. इंजिनियरसाहेब, तिशीचा तरुण माणूस, टेबलाशी काही लिहीत होता.

"सर, निळा लावून बघू का?" दरेकरांनी हिंदीत विचारलं.

"बघा की. गुरुवारी मी स्वतः मोजलाय."

बेड चकाकत होता. दरेकरांनी तळहात ठेवला. लोखंड गार होतं. पट्टीवर निळा रंग पातळ, सारखा पसरवला. दोघांनी ती बेडवर टेकवली, बोटभर सरकवली, उचलली.

दोन्ही टोकांना निळं होतं. मधले चार फूट कोरे.

रामफलच्या तोंडून एक हरियाणवी शिवी निघाली. त्यात आनंद होता. दरेकरांनी त्याच्याकडे बघितलं तशी त्याने मान खाली घातली. इंजिनियर उठून आला. त्याने पट्टी उलटी करून पुन्हा टेकवायला सांगितली. त्यांनी टेकवली. तेच. त्याने स्वतःचं मीटर लावलं. मध्ये दीड थाऊचा खड्डा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कागदासारख्या पातळ वस्तूतही तीन-चार थाऊ असतात, पण लेथच्या बेडला दीड थाऊ म्हणजे बेड नापास.

"मशीन खराब आहे?" इंजिनियरचा आवाज उतरला होता.

इथे गप्प बसता आलं असतं. मशीन खराब आहे एवढंच बोलून परत फिरता आलं असतं. विभागाला आणखी सहा महिने मिळाले असते, कदाचित वर्ष. रामफल डोळ्यांनी तेच सांगत होता.

"मशीन चांगलं आहे," दरेकर म्हणाले. "तुम्ही गरम मोजताय. घासताना बेडचा वरचा भाग तापतो, खालचा गार राहतो. बेड मधून फुगतो. फुगलेला भाग मशीन कापून टाकतं, वर तुम्ही तसाच मोजता, म्हणून सपाट दिसतो. रात्री निवला की मधे बसतो. बाहेर मे महिना आहे. शेवटचा हात अगदी हलका घ्या, घासताना सोडायचं पाणी वाढवा. मग बेड एक रात्र ठेवा आणि सकाळी शटर उघडण्याआधी मोजा. आम्ही सकाळीच का मोजतो वाटलं तुम्हाला?"

इंजिनियरने वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. "हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही समोरच्या शेडमध्ये विचारायला आला नाहीत. वीस पावलं आहेत."

परत येताना रामफल पट्टीचं दुसरं टोक धरून चालत होता. "उस्ताद, अपने पांव पर कुल्हाड़ी मार ली."

"गलत बेड जाने दूं?"

"कोई तो फायदा होता."

"पट्टी सीधी पकड़," दरेकर म्हणाले.

विभागात सगळे जमले होते. दरेकरांनी पट्टी खुंटीला लावली, पुसली, तेल लावलं. मग हिंदीत जे बोलले त्याचा मतलब असा होता : "मशीन चालणार आहे. आज ना उद्या आपलं काम कमी होणार. कुणी विचारलं तर हे खरं आहे. काल पेठेसाहेब माझ्या घरी आले होते. मी पहिली सही केली की मला मागच्या दाराने परत घेणार म्हणाले. तुम्हाला सांगू नका म्हणाले, म्हणून सांगतोय. मी सही करणार नाही. पण माझ्याकडे बघून तुम्ही काही करू नका. मी 'उठाओ' म्हणतो ते बेडला. तुमच्या घरांना नाही. ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं, त्याला कुणी तोंड वर करून बोलणार नाही. ज्याला राहायचंय त्याने राहावं. पण काय ते आपलं आपण वाचून करा."

दोघांनी त्या दिवशी सही केली. एकाच्या घरी पलवलला म्हशी होत्या, तो कधीपासून जाईन म्हणत होता. दुसऱ्याच्या छातीचं दुखणं होतं. दरेकरांनी दोघांशी हात मिळवला. रामफल दुपारपर्यंत कागद खिशात घेऊन फिरला आणि मग त्याने त्यात तंबाखू बांधली.

पावणेपाचला दरेकरांनी काम थांबवलं. आधी रॉकेलने, मग साबणाने हात धुतले, नखांतला निळा काडीने काढला. कागदावर डाग पडलेला त्यांना चालणार नव्हता. मग पर्सोनेल खात्यात जाऊन पेठ्यांच्या टेबलावर कागद ठेवला. सहीची जागा कोरी.

पेठ्यांनी तो उलटसुलट करून बघितला. आज ते हिंदीत बोलले. "दरेकरजी, यह तो साइन नहीं है."

"नाही," दरेकर मराठीत म्हणाले. "माझं काम संपलं असेल तर तुम्ही मला काढा. तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीने, कारण लिहून. मी घेईन ते पत्र. पण मी माझ्या खुशीने गेलो असं मी लिहून देणार नाही. मला खुशी झालेली नाही."

पेठेही मराठीत आले. "हे डोकं कशाला लावताय? इंजिनियर आत्ता येऊन तुमचं कौतुक करून गेला. मी म्हणतोय ना, जुलैपासून—"

"जुलैचं सांगू नका. आजचं बोला."

पेठ्यांनी खुर्ची मागे सरकवली. "सही नाही केलीत तर विभाग बदलू शकतो आम्ही. पॅकिंगमध्ये टाकीन. सत्तावीस वर्षं मुरलेला कारागीर फळ्यांना खिळे ठोकत बसेल. चालेल?"

"खिळे सरळ ठोकीन," दरेकर म्हणाले.

सोमवारी बदलीचा कागद आला. दरेकरांनी आपले तीन स्क्रेपर रामफलला दिले, चौथा घरी नेला आणि डबा घेऊन पॅकिंग शेडमध्ये गेले. तिथे लाकडी पेट्या बनत. पहिल्या आठवड्यात लोक मुद्दाम बघायला आले. कुणी म्हणालं, उस्ताद सुतार झाले. दरेकर फळी रंध्याने साफ करत होते. पेटीच्या फळ्या रंध्याने कुणी साफ करत नाही. पण खडबडीत फळीवर दुसरी फळी नीट बसत नाही, हे त्यांना दिसत होतं. मनगटाला मात्र आराम पडला. हेमलता म्हणाली, "पेठ्यांनी डॉक्टरचं ऐकलं म्हणायचं."

जूनमध्ये ग्राइंडिंग शेडच्या भिंतीवर इंजिनियरच्या सहीचा नियम लागला : प्रत्येक बेड एक रात्र ठेवून सकाळी मोजावा. कारखान्याच्या प्रत्येक नोटिशीवर लागते तशी खाली पेठ्यांचीही सही होती. दरेकरांचं नाव नव्हतं. त्यांनी जाता येता एकदा वाचला, नियम बरोबर उतरवलाय एवढं बघितलं.

जुलैच्या शेवटच्या दिवशी दुपारी साडेचारला क्रेनने एक तयार लेथ पॅकिंगमध्ये आणला. ट्रक फाटकात उभा होता. महिन्याचा आकडा भरायचा होता, सगळ्यांची घाई चालली होती. दरेकरांनी पेटीचा तळ लावून ठेवला होता. लेथ खाली टेकण्याआधी त्यांनी सवयीने बेडवर तळहात ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. क्रेनचा साखळदंड गार होता, बेडचं लोखंड मात्र कोमट.

ते फळीवरून खाली उतरले आणि हातोडी बाजूला ठेवली.

काम थांबल्याचं कळून दहा मिनिटांनी पेठे आले. मागे इंजिनियर. "काय प्रॉब्लेम आहे?"

"बेड गरम आहे. आजच घासून वर बाकीचं चढवलंय. रात्रभर ठेवलेला नाही."

"दरेकर, तुम्ही पॅकिंगमध्ये आहात. बेड तुमचा विषय नाही."

"पेटी माझी आहे. आत काय जातंय ते बघितल्याशिवाय मी झाकण ठोकत नाही."

"दुसऱ्या कुणाला सांगतो मी ठोकायला."

"सांगा. पण भिंतीवर तुमची सही आहे."

पेठ्यांनी शेडभर बघितलं. पॅकिंगची चार पोरं होती. चौघांनीही हातोड्या खाली ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनियर पुढे आला, त्याने बेडला हात लावला, काढला, आणि पेठ्यांकडे न बघता ट्रकवाल्याला हाक मारून सांगितलं की आज गाडी भरायची नाही.

ट्रक रिकामा गेला. लेथ रात्रभर शेडमध्ये राहिला. सकाळी सव्वासातला शटर उघडण्याआधी रामफल पट्टी घेऊन आला, दुसरं टोक दरेकरांनी धरलं. मध्ये निळं लागलं नाही. लेथ सोडवून बेड परत ग्राइंडिंगला गेला.

चार दिवसांनी लेथ पुन्हा पॅकिंगमध्ये आला. बेड गार होता. दरेकरांनी हात फिरवला आणि क्रेनवाल्याकडे बघून म्हणाले, "उठाओ." मग झाकण लावलं. पेटीला चोवीस खिळ्यांचा नियम होता. त्यांनी चोवीस ठोकले. वाकडा एकही गेला नाही.